काळ्या डोंगरावरच्या खुर्च्या

आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती जाहिरात आली तेव्हा तिच्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली होती. ‘हेर्लेन येथे घराचा वरचा मजला भाड्याने देणे आहे. मांसमच्छी शिजवण्यास हरकत नाही. पाहुण्यांस हरकत नाही. कोरडा झाडू चालणार नाही.’ खाली नाव नव्हतं, नुसता फोन नंबर.

करोनाचं पहिलं वर्ष होतं. आयंडहोवनला मी राहत होते तो फ्लॅट मालकाने विकायला काढला होता आणि त्या दिवसांत नवीन घर बघायला जाणंसुद्धा अवघड झालं होतं. ऑफिस बंदच होतं, लॅपटॉप कुठूनही उघडला तरी चालत होता. हेर्लेन म्हणजे हॉलंडचं अगदी दक्षिणेकडचं टोक, पलीकडे जर्मनी. मी फोन केला. एका वयस्क आवाजाने पहिलंच विचारलं, “झाडतेस कशी?” मी म्हटलं, माझ्याकडे व्हॅक्यूम क्लीनर आहे. “तेही नको. ओलं फडकं,” ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि पुढच्या आठवड्यात सामान घेऊन पोहोचले.

त्यांना मी काका म्हणत असे. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, अंगाने काटक, डोक्यावर कायम लोकरीची टोपी. बोलणं कमी. जिन्यात भेटले तर मान हलवायचे आणि पुढे जायचे. पण धुळीचा विषय निघाला की माणूस बदलायचा. पायपुसणं झटकायचं नाही, सरळ बादलीत बुडवायचं. खिडक्या बर्फ पडला तरी सकाळी उघडायच्या. पीठ चाळताना नाकाला फडकं बांधायचं. एकदा मी कणकेची पिशवी घाईघाईत डब्यात ओतली, तर ते उठून बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले आणि पीठ पूर्ण खाली बसेपर्यंत आत आले नाहीत.

त्यांच्या तळघरात मास्कचे खोके करोनाच्या आधीपासूनच रचलेले होते. साथीच्या सुरुवातीला मास्क कुठेच मिळेनात, तेव्हा त्यांनी ते सायकलच्या मागे बांधून वसाहतीत घरोघर वाटले, असं मला शेजारच्या आजीबाईंनी सांगितलं. तोवर वसाहतीतले लोक काकांना जरा वेडसर समजत. त्यानंतरही समजत, पण मास्क लावून.

काकांचा जन्म कोलारचा. कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणींचं गाव. आजोबा कधीतरी साताऱ्याकडून पोटासाठी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत तमिळ, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी, असं त्यांचं बालपण. त्यांच्या मराठीत अजून तिकडचा हेल होता. “जेवून जा की”, “असूं दे की” असं म्हणायचे. वडील खाणीत खाली उतरायचे. मुलाने मात्र उतरायचं नाही, हे वडिलांनी आधीच ठरवून टाकलेलं. त्यामुळे काका शिकले, वजनकाट्यांच्या कारखान्यात लागले आणि त्या कामानिमित्त हॉलंडला आले. इथे त्यांची बायको भेटली, ती नेमकी कोळशाच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी. हे घर तिचं. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. हॉलमध्ये दोघांच्या लग्नाचा फोटो होता आणि त्यात दोघांच्याही बोटात चांदीच्या अंगठ्या होत्या, कारण काकांनी घरात सोनं येऊ दिलं नव्हतं.

माझ्या गळ्यात आईने दिलेली एक बारीक साखळी असते. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, “ही केवढ्या दगडाची?”

मला कळलं नाही.

“एवढ्याला गाडीभर दगड फोडायला लागतो. फोडून त्याची भुकटी करायची. सोनं तुझ्या गळ्यात आलं. भुकटी कुठे गेली?” असं विचारून त्यांनी दोन बोटांनी स्वतःच्या छातीवर टिचकी मारली. मी साखळी काढली नाही, आणि त्यांनी परत कधी विषय काढला नाही.

आमच्या घरामागे एक डोंगर होता. हॉलंडमध्ये डोंगर म्हटलं की लोक हसतात, पण हा खरोखरच चढायला लागायचा. कोळशाबरोबर खालून जो निरुपयोगी दगड वर यायचा तो वर्षानुवर्षं एका जागी ओतून झालेला हा काळा ढीग. खाणी बंद होऊन पन्नासेक वर्षं झाली. खाणीत उतरायच्या खोल विहिरी बुजवल्या, धुराडी पाडली, गवत पेरलं. ढिगावर बर्चची झाडं उगवली. आता खाली मैदानात लोक कुत्री फिरवतात आणि ढिगाला वळसा घालून वर जाणारी एक पायवाट आहे. काका रोज सकाळी त्या वाटेने जायचे. मी कधी कधी मीटिंगच्या आधी त्यांच्याबरोबर जाई. रिकाम्या गवतात उभे राहून ते सांगायचे, हा दिव्यांचा हॉल, इथे प्रत्येकाला आपापला दिवा मिळायचा. ही आंघोळीची जागा, इथे कपडे साखळीला अडकवून वर छताला टांगायचे. सासऱ्यांकडून ऐकलेलं सगळं त्यांना पाठ होतं. ऐकताना मला गवताशिवाय काही दिसायचं नाही, तरी मी मान हलवत असे.

आमच्या डाव्या हाताला राहणारे आजोबा या खाणीत शेवटपर्यंत काम केलेले. सगळे त्यांना ओपा म्हणत, म्हणजे आजोबाच, आणि त्यांच्या बायकोला ओमा. ओपांची छाती दगडाच्या धुळीने गेलेली होती. इथे त्या आजाराला ‘धुळीचं फुप्फुस’ म्हणतात. करोना आल्यावर डॉक्टरांनी त्यांना घराबाहेर कोणाला भेटायला मनाई केली. मुलं-नातवंडं खिडकीच्या काचेतून हात हलवून जायची. ओपा दिवसभर स्वयंपाकघरात बसून राहायचे. काका आणि ते कुंपणावरून बोलायचे, दोन्हीकडे मास्क, मध्ये गुलाबाची झुडपं.

एक दिवस ओपा म्हणाले की एकदा वर जाऊन यावंसं वाटतं, डोंगरावरून विहिरीची जागा दिसते. काकांनी लगेच टोपी घातली. ओमा दारात येऊन म्हणाल्या की हे वेड आहे, त्यांना कोपऱ्यापर्यंतही जाववत नाही. काका म्हणाले, मग कोपऱ्यापर्यंत जाऊ.

ते कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे ओपा थांबले, चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले. काकांनी, थकलात का, असं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपसमोर बसले होते तेव्हा खिडकीतून दिसलं, की पुढे ओपा सावकाश चालले आहेत आणि त्यांच्यामागे नियमाइतकं अंतर ठेवून काका चालले आहेत, आणि काकांच्या डोक्यावर आमच्या स्वयंपाकघरातली खुर्ची आहे. जिथे ओपा चष्मा काढतील तिथे काका खुर्ची खाली ठेवायचे आणि चार पावलं मागे सरून उभे राहायचे. ओपा बसायचे. श्वास जागेवर आला की उठायचे.

असं रोज चाललं. आणि रोज खुर्ची वाहून नेणं नको म्हणून काकांनी जुन्या सामानाच्या दुकानातून खुर्च्या आणायला सुरुवात केली. एक लाकडी, एक प्लास्टिकची, एक ऑफिसमधली चाकं काढलेली. ओपांचा दम जिथे जिथे संपेल तिथे एकेक खुर्ची वाटेच्या कडेला कायमची ठेवून द्यायची. मैदानात त्या लांब लांब होत्या, चढाला लागल्यावर जवळ जवळ. सगळ्यात अवघड वळणावर तर दोन खुर्च्यांमध्ये चार पावलांचंही अंतर नव्हतं, अगदी शेजारी म्हणाव्यात अशा. बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी इथे गप्पा मारायला बसतं.

नगरपालिकेला ते पटण्यासारखं नव्हतं. पालिकेची नारिंगी गाडी यायची, दंडावर गोंदण असलेला एक धिप्पाड माणूस उतरायचा आणि टाकून दिलेलं सामान म्हणून खुर्च्या उचलून डेपोत न्यायचा. काका सायकलला ट्रेलर जोडून डेपोत जायचे आणि त्या परत आणायचे. हे इतक्यांदा झालं की तो माणूस काकांना नावानिशी ओळखायला लागला. एकदा मी ट्रेलर धरायला सोबत होते. त्याने विचारलं, परवा परत तिथेच ठेवणार ना? काका म्हणाले, “परवा नाही. आज.” त्याने एका खुर्चीचा डुगडुगणारा पाय ठोकून घट्ट केला आणि मगच दिली.

याच सुमारास पालिकेने त्या वाटेसाठी मोठी योजना काढली. वाटेचं नाव ‘काळं सोनं’. खाणीचा इतिहास जपायचा म्हणून जागोजागी रंगीत फलक, हसऱ्या कामगारांचे जुने फोटो, सोनेरी बाण, मोबाइल धरला की कळणारी माहिती. नागरिकांचं म्हणणं ऐकण्यासाठी ऑनलाइन बैठक ठेवली होती. काकांनी मला लॅपटॉप खाली आणायला सांगितला आणि स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बसले.

बैठकीत पंधरावीस चौकोन होते. योजना सांभाळणाऱ्या बाई चांगल्या होत्या, सगळ्यांना हसून बोलायला देत होत्या. काकांची पाळी आली. ते बराच वेळ बोलले. म्हणाले की मी सोन्याच्या खाणीच्या गावात वाढलोय, मला सोनं काय ते माहीत आहे. सोन्याने कोणाचं घर गरम झालं नाही. कोळशाने झालं, त्याला कोळसाच म्हणा. आणि फलकावर हसणारा जो दुसऱ्या रांगेतला मुलगा आहे तो माझा शेजारी आहे, त्याला आज या फलकापर्यंत चालत येता येत नाही. त्याच्यासारखे अजून किती जण या वसाहतीत खिडकीशी बसलेत ते मोजा. फलक वाचायला उभं राहावं लागतं. तुम्ही बाकं बसवा, आणि ती कुठे बसवायची ते ओपांना चालवून ठरवा. कोणीही येऊन त्यावर बसलं आणि विचारलं, बाकं इतकी जवळ जवळ का, तर त्याला सगळा इतिहास सांगता येईल.

ते थांबले तेव्हा त्या बाई अडचणीत पडल्यासारख्या हसल्या आणि म्हणाल्या, “माफ करा, तुमचा माइक बंद होता.”

मी पटकन बटण दाबलं. पुन्हा सांगा, असं मी खुणेने सांगत होते. काका पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ज्याला श्वास पुरत नाही त्याला बसायला जागा लागते. एवढंच.”

बाईंनी लिहून घेतलं. कोणीतरी म्हणालं, बाकांवर संध्याकाळी पोरं जमतील, बियरच्या बाटल्या पडतील. कोणी देखभालीचं काढलं. विषय पुढे गेला. बैठक संपल्यावर काकांनी शर्ट बदलला, चहा टाकला आणि मला विचारलं, “तू ऐकलंस ना पहिलं?” मी म्हटलं, ऐकलं. “मग असूं दे की,” ते म्हणाले.

ओपा त्याच हिवाळ्यात गेले. खोकला वाढला म्हणून दवाखान्यात नेलं, तपासणीत करोना निघाला, आणि काही दिवसांतच फोन आला. ते वरपर्यंत पोहोचलेच नव्हते. त्या अवघड वळणाच्या पुढे एकदाच गेले होते, तिथून विहिरीची जागा अर्धी दिसते. तेवढी बघून परत फिरले होते.

अंत्यसंस्काराला मोजक्याच माणसांना परवानगी होती. काका घरच्यांपैकी नव्हते, त्यामुळे त्यांचं नाव त्यात नव्हतं. त्यांनी ओमांना विचारलं की गाडी डोंगराखालच्या रस्त्याने नेता येईल का. ओमांनी हो म्हटलं. तो रस्ता पायवाटेला लागूनच जातो.

सकाळी गोठवणारी थंडी होती. काका आणि मी खुर्च्यांवरचं गोठलेलं दव खरवडत गेलो. मैदानातल्या रस्त्याकडेच्या खुर्च्या तशाच ठेवल्या आणि चढावरच्या खाली आणून त्यांच्या मधे मांडल्या. काकांनी कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण वसाहतीतून माणसं यायला लागली. बहुतेक म्हाताऱ्या बायका, खाणकामगारांच्या विधवा, जाड कोट घातलेल्या. एकेका खुर्चीवर एकेक जण बसली. खुर्च्यांमधलं अंतर नियमापेक्षा जास्तच होतं, म्हणून कोणाला हरकत घेता आली नसती. बाकीचे मागे उभे राहिले.

तेवढ्यात पालिकेची नारिंगी गाडी आली. तो गोंदणवाला माणूस खुर्च्या उचलायला आला होता. त्याने रांग पाहिली, गाडी बंद केली, खाली उतरला आणि टोपी काढून गाडीशेजारी उभा राहिला. मग काळी गाडी आली. ओमा तिच्या मागून चालत होत्या. प्रत्येक खुर्चीवरची बाई त्या समोर आल्या की उठून उभी राहत होती आणि गेल्या की बसत होती. कोणी रडलंबिडलं नाही. काका रस्त्याच्या वळणाशी उभे होते. गाडी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा त्यांनी खाणीतले लोक एकमेकांना जो रामराम घालत तो घातला, आणि लगेच खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले.

योजना सांभाळणाऱ्या बाईही मागे कुठेतरी उभ्या होत्या, ते मला नंतर कळलं.

त्या उन्हाळ्यात बाकं आली. चांगली, पाठ असलेली, लाकडी. नाव मात्र ‘काळं सोनं’च राहिलं आणि सोनेरी बाणही लागले. काकांनी ते बाण एकदा बघितले आणि त्यानंतर त्यांच्याकडे न बघता चालायचं ठरवलं. पण बाकांवरून त्यांचं डोकं फिरलं. पालिकेने ती सारख्या अंतरावर बसवली होती, मैदानात तेवढीच आणि चढावर तेवढीच. अवघड वळणावर एकही नव्हतं. काका म्हणाले, हे तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाने बसवलंय. त्याच संध्याकाळी ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन वळणावर ठेवून आले. मला वाटलं, आता पुन्हा डेपोच्या फेऱ्या. पण ती खुर्ची कोणी नेली नाही. काही दिवसांनी तिच्या जागी एक लोखंडी खुर्ची दिसली, जुनी, हिरवा रंग दिलेली, चारही पाय सिमेंटमध्ये रोवलेले. कोणी केलं ते काकांनी विचारलं नाही. डेपोतल्या त्या माणसासाठी त्यांनी माझ्याकडून चकल्या करून घेतल्या आणि स्वतः नेऊन दिल्या.

शरद ऋतूत आमचं ऑफिस उघडलं आणि मी पुन्हा आयंडहोवनला राहायला आले. हिवाळ्यात ओमांचा फोन आला, की काकांना करोना झालाय, दवाखान्यात आहेत. एवढे मास्क, एवढी ओली फडकी, आणि शेवटी झालाच. दिवसभर मी फोन जवळ ठेवून काम केलं. तीन-चार आठवड्यांनी ते घरी आले. फोनवर त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी येते म्हटलं तर म्हणाले, ऊन पडल्यावर ये.

ऊन पडल्यावर मी गेले. ते बारीक झाले होते, टोपी कपाळावर उतरत होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून आम्ही निघालो. आणि मला गंमत वाटली, कारण ज्या माणसाने दीड वर्षात माझ्याशी कामापुरतंच बोलणं केलं होतं तो आज थांबून थांबून बोलत होता. कोपऱ्यावर थांबून त्यांनी मला आमच्या पुण्यात बटाटे काय भावाने मिळतात ते विचारलं. पहिल्या बाकाशी उभं राहून एका कुत्र्याच्या मालकिणीची सगळी चौकशी केली, कुत्र्याचं वय, खाणं, दुखणं. पुढच्या बाकाशी आईच्या गुडघ्याचं विचारलं. बसा ना, असं मी दोनदा म्हटलं. ते म्हणाले, ही खाणीत काम केलेल्यांसाठी आहेत, मी एक दिवसही खाली उतरलेलो नाही. मी मनात म्हटलं, एकटं राहून माणसाला बोलायची भूक लागली असावी.

वळणावर हिरवी खुर्ची होती. तिथे ते तिच्या पाठीला धरून उभे राहिले. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. खांदे वर-खाली होत होते. जरा वेळाने ते बोलले.

“आमच्या वडिलांना सगळं कोलार गप्पिष्ट म्हणायचं. घरापासून बाजार जवळच. पण दर दुकानाशी थांबायचे. शिंप्याला विचार मुलगा कसा आहे, भाजीवालीला विचार भाव काय. मी हात ओढायचो, चला की, उशीर होतो. गावात म्हणायचे, काय माणसांची हौस आहे या माणसाला. मलाही तेच वाटायचं. इथे आलो, लग्न झालं, ते तिकडे वारले, तरी तेच वाटत होतं.” ते थांबले. “ओपांच्या मागे खुर्ची घेऊन चालायला लागलो, तेव्हा कळलं, ते कशाला थांबायचे.”

मी म्हटलं, “काका, बसा.”

या वेळी ते बसले. दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी खाली गवतात बसले. खाली मैदानात एक बाई कुत्र्याला चेंडू टाकत होती.

“बसायला असलं, की बोलायला लागत नाही,” काका म्हणाले.